परसातली हराळी

इस्पितळाच्या धुलाईघरात उभी हयात काढल्यामुळे त्यांना सगळे मावशी म्हणत. वयाने थोरले सर्जनसुद्धा वरच्या मजल्यावरून फोन करून “मावशी, झगे अजून आले नाहीत” असं सांगत. निवृत्त झाल्यावर मावशी घरी बसल्या. घर लहान होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण मागे जागा ऐसपैस होती. तिथे कपडे वाळत घालायच्या तारा, एक मोडकी लोखंडी खाट आणि बाकी सगळी हराळी. नवरा होता तोवर त्याने त्या जागेकडे ढुंकून पाहिलं नाही. तो गेल्यावर मावशींना सवड नव्हती. आता सवड होती आणि त्यांना भाजी लावायची होती.

त्यांनी स्वतः कुदळ मारून पाहिली. कुदळ उसळून परत आली. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले. मग एका मजुराला बोलावलं. त्याने टाचेने जमीन दाबून पाहिली, मावशींकडे पाहिलं, “परवा येतो” म्हणाला आणि गेला तो गेलाच.

त्या भागात छोटा ट्रॅक्टर एकाकडेच होता, आणि तो मावशींच्या जावयाकडे होता. जावई म्हणजे आता जावई नव्हे. लेकीचा आणि त्याचा काडीमोड होऊन वर्ष उलटलं होतं.

तो पंप दुरुस्त करणारा फिटर. जोडधंदा म्हणून ट्रॅक्टर घेतला होता, फळबागांमध्ये झाडांच्या दोन ओळींतून फिरवायला. संसार मोडला तो कुठल्या भानगडीमुळे नाही. दारू नाही, मारझोड नाही, दुसरं कोणी नाही. लेक बोलकी आणि हा घुमा. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभरात काय काय झालं ते सांगायला उत्साहाने घरी यायची, आणि समोर हा खाली मान घालून जेवत असायचा. शेवटी तिने मोठ्या शहरात नोकरी धरली. त्याने तिला अडवलं नाही. मावशींच्या मते तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

बरेच दिवस मनात घोळवून मावशींनी त्याला फोन केला. हाक काय मारावी हे ठरेना. पूर्वी त्या त्याला जावईबापू म्हणत, जरा चेष्टेने. आता ते बरं दिसलं नसतं. नुसतं ‘अहो’ म्हणावं तर नवऱ्याला हाक मारल्यासारखं.

“मी बोलतेय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“ट्रॅक्टर भाड्याने मिळेल का? घरामागची जागा उकरायची आहे.”

पलीकडे सामसूम झाली. त्याच्या बाबतीत हे नेहमीचंच होतं, म्हणून मावशी थांबल्या.

“रविवारी येतो,” तो म्हणाला.

“भाडं घेणार असाल तरच या.”

“घेईन.”

रविवारी तो आला आणि फाटकापाशीच अडला. ट्रॅक्टर अरुंद होता, पण फाटक त्याहून अरुंद. फिटरने खाली उतरून टेपने माप घेतलं. मग उगाचच पुन्हा एकदा घेतलं. शेजारचे डॉक्टर चहाचा कप हातात घेऊन ओट्यावरून बघत होते. ते दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या घराची रिकामी जागा मावशींच्या परसाला लागून होती, मध्ये तारेचं कुंपण.

“माझ्या जागेतून आणा की,” डॉक्टर म्हणाले. “कुंपण काय, चार खांब तर आहेत. उपटून काढा.”

“मग परत कोण लावणार?” मावशींनी विचारलं.

“कशाला लावायचं? मी तुमचं काय चोरणार आहे?”

फिटरने साखळी बांधून ट्रॅक्टरने एकेक खांब ओढला. डॉक्टर बाजूला उभे राहून जाणकारासारखे सांगत होते, “आधी हलवून घ्या. हलवून घ्या म्हणजे मुळासकट येतो.” एक खांब मध्येच मोडला तेव्हा ते हळहळले.

ट्रॅक्टर आत आला. मागे रोटाव्हेटर होता, जमिनीत फिरणारी वाकडी पाती. पहिल्या फेरीला पाती घट्ट जमिनीवर नुसती खडखडत उडत राहिली. दुसऱ्या फेरीला आत शिरली. तिसऱ्या फेरीनंतर मातीचा असा भुगा झाला की मावशींनी चप्पल काढून त्यात पाय घातला. घोट्यापर्यंत पाय आत गेला. इतक्या वर्षांत त्या जागेवर त्या चालल्या होत्या, पण ती आतून गार असेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

फिटरने भाडं घेतलं, उभ्या उभ्या चहा घेतला आणि कप ओट्यावर ठेवला.

“येतो,” तो म्हणाला. पुढे लग्न झाल्यापासूनच्या सवयीने ‘आई’ यायचं ते ओठाशी येऊन अडलं. मग तो म्हणाला, “येतो, मावशी.”

सगळं जग म्हणायचं तेच तो म्हणाला. तरी मावशी कप विसळताना जरा जास्त वेळ नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. दर रविवारी यायचा.

“ट्रॅक्टरवाला आला होता,” मावशींनी सांगितलं.

“बरं झालं. नीट केलं का काम?”

“केलं.”

यात खोटं काहीच नव्हतं.

मावशींनी सुतळी ताणून वाफे आखले. चादरीची घडी घालणाऱ्या हाताला तिरकं खपत नाही. वाफ्यांच्या कडा अशा सरळ आल्या की डॉक्टर म्हणाले, यावर निजावंसं वाटतंय. पालक, गाजर, घेवडा पेरला. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घातलं. थोड्याच दिवसांत सगळीकडे हिरवं फुटलं. मावशी दोन दिवस खुशीत होत्या. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून वाकून पाहिलं तर पालकाचं पान कुठेतरी एखादं, बाकी सगळी हराळी. आधी होती त्याच्या दसपट.

फोन केल्यावर फिटर त्याच संध्याकाळी आला. वाफ्यात उकिडवा बसला, बोटाने माती बाजूला केली आणि हराळीचा एक तुकडा उचलून बघत राहिला. पेराएवढ्या तुकड्याला खाली मुळं आणि वर कोंब.

“माझी चूक आहे,” तो म्हणाला. “रोटाव्हेटर घालायलाच नको होता. त्याने एकेका काडीचे शंभर तुकडे केले. जितके तुकडे तितकी रोपं होतात हिची.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“ऐकलं होतं. बागांमध्ये मी जातो तिथे हराळी नाही. लक्षातच आलं नाही.”

“म्हणजे तुम्ही मला हराळीची लागवड करून दिलीत. वर भाडंही घेतलंत.”

“हो,” तो म्हणाला.

तो इतक्या सरळपणे म्हणाला की मावशींना हसू आलं. एकदा आलं ते आवरेना. फिटर मान वर करून बघत राहिला, मग तोही थोडा हसला. लेकीच्या लग्नानंतर त्यांनी त्याचे दात बहुधा पहिल्यांदाच पाहिले.

या कामाचं भाडं तो घेणार नव्हता, आणि मावशींनीही आग्रह केला नाही. आता रोटाव्हेटर नाही. त्याने लांब फणांचं औजार आणलं. जमीन वाफशावर आली, म्हणजे चिखलही नाही आणि दगडही नाही अशी झाली, की ट्रॅक्टर सावकाश फिरवायचा. फण खोल जाऊन हराळीच्या पांढऱ्या लांब मुळ्या ओढून वर आणत. मग त्या हातांनी वेचायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. औजार काढून घेऊन तो निघून गेला असता तरी चाललं असतं. पण तो थांबून वेचू लागला. मावशींना वाकवत नव्हतं, म्हणून त्याने त्यांना फळांची एक रिकामी पेटी पालथी घालून दिली, आणि स्वतः समोर दुसरी घेऊन बसला.

अशा बसण्यात तो बोलायला लागला. पहिल्यांदा मुळ्यांबद्दल, मग ट्रॅक्टरच्या गेअरबद्दल, मग पंपांबद्दल. पंपाच्या आत काय काय सापडतं ते सांगू लागला. चमचा, बाहुलीचा हात, एकदा घड्याळाचा पट्टा. एका विहिरीवरचा पंप सारखा बंद पडायचा, उघडला की चालायचा, झाकण लावलं की पुन्हा बंद. चार खेपा झाल्यावर कळलं की आतल्या वळणात एक बेडूक राहत होता. झाकण उघडलं की तो खाली उडी मारायचा आणि माणसं गेली की परत जागेवर.

“मग काय केलंत?”

“जाळी बसवली. तो बाहेर असताना. तरी तिथे जाऊन दोन दिवस बसायचा तो, जाळीपाशी.”

बोलताना त्याची नजर हातांवर असे. मावशींच्या हळूहळू ध्यानात आलं की दोन्ही हात कामात असले आणि समोरचं माणूस तोंडाकडे बघत नसलं की याला बोलता येतं. ताटावर बसला की येत नाही. धुलाईघरातही अशा एक-दोघी होत्या. चादरीची दोन टोकं धरून घडी घालताना सगळं सांगायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत गप्प.

डॉक्टर रोज फेरी मारून जात. एकदा ते म्हणाले, “मावशी, तुम्ही इकडे कितीही वेचा. ती माझ्याकडून येतेय. कुंपण होतं तेव्हाही खालून येत होती. तिला काय कळतं कुणाची जागा ते.”

“मग काय करू?”

“माझीही घ्या. पडूनच आहे. भाजी द्या मला थोडी. फक्त मऊ द्या. लोकांचे दात सांभाळता सांभाळता माझे सगळे गेले.”

मावशींनी फिटरकडे पाहिलं. फिटर डॉक्टरांच्या जागेवरून एकदा चालून आला. तिथे हराळीबरोबर विटांचे तुकडेही होते. “होईल,” तो म्हणाला. “वेळ लागेल.”

त्यामुळे बाग वाढायची ठरली. अर्ध्याच्या वर काम झालं असेल, तेव्हाची गोष्ट. लेकीचा फोन संध्याकाळी यायचा तो त्या रविवारी सकाळीच आला. मावशींचा फोन खिडकीत होता आणि हात कोपरापर्यंत मातीत. डॉक्टर जवळ उभे होते. त्यांनी उचलला.

“आई ना? कामात आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “जावई ट्रॅक्टर चालवतोय आणि ही मागून मुळ्या वेचतेय. झकास चाललंय आमचं.”

डॉक्टरांना काडीमोडाचं माहीत नव्हतं असं नाही. ते विसरले होते. ते बरंच विसरत.

संध्याकाळी लेकीने पुन्हा फोन केला. आवाज नेहमीसारखा होता, शब्द मात्र कमी. “मी शनिवारी येतेय,” ती म्हणाली.

मावशींनी फिटरला कळवलं. “या रविवारी येऊ नका. लेक येतेय.”

“बरं,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “वेचलेल्या मुळ्या परत मातीत जाऊ देऊ नका.”

शनिवारी दुपारी लेक आली. बॅग दारातच ठेवून थेट मागे गेली. वाफ्यांमधून सावकाश फिरली. स्वच्छ झालेल्या भागात पालक हातभर आला होता, घेवड्याने काठ्यांना वेढे घातले होते. तिने घेवड्याची एक कोवळी शेंग तोडून खाल्ली. मग डॉक्टरांच्या जागेपर्यंत गेली, तिथल्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा पाहिल्या आणि आत आली. मावशी मोरीशी भांडी घासत होत्या. घासायची फारशी नव्हतीच.

“ट्रॅक्टरवाला,” लेक म्हणाली.

“ट्रॅक्टर त्याचाच आहे.”

“खोटं नाही बोललीस, ते कळतंय मला. तू खोटं कधी बोलतच नाहीस. तुझ्या फक्त काही गोष्टी सांगायच्या राहून जातात.”

मावशींनी पातेलं पालथं घातलं.

“माझ्यासाठी बोलावतेस का त्याला? काहीतरी परत जुळेल म्हणून?”

“नाही. मला भाजी लावायची होती.”

“हो ना?”

“हो.”

लेक खुर्ची ओढून बसली. तिचा राग येताना होता तेवढा आता नव्हता, आणि त्याचंच तिला अवघडल्यासारखं होत होतं. “आणि दिवसभर करता काय तुम्ही दोघं?”

“मुळ्या वेचतो.”

“दिवसभर?”

“बोलतो.”

“तो बोलतो?”

मावशींना वाटलं, हे सांगायला नको होतं. पण सांगून झालं होतं. “पंपांचं सांगतो. कुठे काय सापडलं. एका पंपात बेडूक होता ते सांगितलं.”

लेक टेबलावरच्या पाण्याच्या थेंबाला बोटाने लांब ओढत राहिली.

“तो बेडूक मला माहीत नाही,” ती म्हणाली. “केव्हाचं आहे हे?”

“बरंच जुनं असेल.”

“म्हणजे मी घरात असतानाचं.” तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता. “मी रोज विचारायचे त्याला, आज काय झालं. रोज. तो म्हणायचा, काही नाही.”

“समोर बसून विचारलं की त्याचं तोंड मिटतं,” मावशी म्हणाल्या. “हात कामात असले की बोलतो.”

“हे आता कळून मला काय उपयोग?”

“काही नाही.”

रात्रीचं जेवण दोघींनी इकडचं तिकडचं बोलत केलं. सकाळी मावशी उठल्या तर लेक मागच्या दारात उभी राहून फोनवर बोलत होती. “तू ये. माझ्यामुळे आईचं काम कशाला अडायला हवं? माझी दुपारची गाडी आहे, पण त्याआधी आलास तरी माझी हरकत नाही.” मग ती बराच वेळ थांबली. मावशींना कळलं, पलीकडे सामसूम झाली असणार. लेकीने या वेळी पुढे काही विचारलं नाही. थांबून राहिली. शेवटी “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

फिटर आला. लेकीकडे पाहून मान हलवली, लेकीनेही हलवली. डॉक्टर ओट्यावर आले, सगळं बघितलं, त्यांना काहीतरी आठवलं आणि ते गुपचूप आत गेले. ट्रॅक्टर डॉक्टरांच्या जागेत दोनदा आडवा आणि दोनदा उभा फिरला. विटांचे तुकडे फणांवर आपटून खणखणत होते. मग इंजिन बंद झालं आणि तिघं वेचायला बसली. पेट्या दोनच होत्या. लेकीने आईचं जुनं घमेलं पालथं घालून घेतलं.

लेकीने एक लांबलचक मुळी ओढायला घेतली, ती संपेचना.

“तुटू देऊ नकोस,” फिटर म्हणाला. “सैल सोडून ओढ.”

तिने सैल सोडून ओढली. मुळी अख्खी बाहेर आली. ती गुंडाळत, वर न बघता लेक म्हणाली, “तो बेडूक कुठल्या विहिरीवरचा?”

फिटरने सांगितलं. तीच गोष्ट होती, पण मावशींना सांगितली त्याहून मोठी. विहिरीचा मालक कसा तापट होता, पंपात भूत आहे म्हणून त्याने कसं एकाला बोलावून धूर केला, आणि बेडूक त्यालाही पुरून उरला. लेक हसली. मग तिने प्रयोगशाळेतलं काहीतरी सांगितलं. मावशी पेटी उचलून दुसऱ्या टोकाला गेल्या आणि आधीच स्वच्छ झालेल्या मातीत मुळ्या शोधत बसल्या. तिथे एकही नव्हती. तरी त्या तिथेच बसून राहिल्या.

दुपारी लेकीने पाय धुतले, बॅग घेतली. “सोडू का?” फिटरने विचारलं.

“ट्रॅक्टरवरून?”

“नाही. हो. ट्रॅक्टरच आहे.”

“चालत जाते,” ती म्हणाली. बोलणं चांगलं होतं, दोघांच्याही चेहऱ्यावर ताण नव्हता. लग्नाच्या शेवटच्या काळात ती दोघं एकमेकांशी इतकी बरी कधीच वागली नसतील.

मावशी फाटकापर्यंत गेल्या. लेकीने बॅग खांद्यावर नीट केली.

“माणूस चांगला आहे तो, आई. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण मी परत यायची नाही. तुला कळतंय ना?”

“कळतंय.”

“बागेचं चालू ठेव. माझ्यापासून लपवू नकोस म्हणजे झालं.”

ती वळणापाशी दिसेनाशी झाल्यावर मावशी आत आल्या आणि खाटेवर बसल्या. काल मोरीशी उभ्या राहून आपण ‘नाही’ म्हणालो ते अर्धंच खरं होतं, हे त्यांना आता कळलं. भाजी लावायची होती हे खरंच. पण दर रविवारी फणांमागून चालताना मनाच्या एका कोपऱ्यात दुसरंही काही चाललं होतं, आणि ते आता बोलून दाखवण्याआधीच संपलं होतं. मागे फिटर औजार सोडवत होता त्याचा आवाज येत होता. त्यांनी त्याला चहा दिला. तो प्याला आणि गेला.

त्या आठवड्यात मावशींनी बागेला पाणी घातलं नाही. पालकाने माना टाकल्या. डॉक्टरांनी कुंपण नसलेल्या बाजूने येऊन आपल्याच हाताने दोन-तीन झाऱ्या घातल्या आणि कुणाला बोलले नाहीत. शनिवारी फिटरचा फोन आला.

“उद्या येऊ का?”

या वेळी मावशीच गप्प राहिल्या. तो थांबला.

“डॉक्टरांच्या जागेचा कोपरा राहिलाय,” तो म्हणाला.

“या,” मावशी म्हणाल्या. “पण उद्यापासून भाडं घ्यायचं. हराळी तुमची होती ती संपली. ही डॉक्टरांची आहे.”

“घेईन.”

कोपरा झाला. पुढच्या हंगामात सगळी जागा मिळून एक झाली. कांदे, वांगी, भोपळे, डॉक्टरांसाठी मऊ दुधी. हराळी पूर्ण कधीच गेली नाही, पण मावशींच्या आटोक्यात राहिली. फिटरचं येणं कमी झालं. इतर गिऱ्हाइकांकडे जायचा तसा तो हंगामाच्या आधी यायचा, फार तर एकदा मधे. आला की पेटीवर थोडा वेळ बसायचा.

त्याच्या पुढच्या वर्षी लेकीने तिकडेच लग्न ठरवलं. मावशींना वाटलं, हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. बटाट्यासाठी सऱ्या पाडायला तो आला होता, औजाराची पिन बसवत होता. हात कामात होते. मावशींनी तेवढ्यात सांगून टाकलं.

त्याने पिन बसवली. खिळा वाकवला. फडक्याला हात पुसले आणि पुन्हा पुसले.

“काय करतो तो?”

“चष्म्याचं दुकान आहे.”

“बोलतो का?”

“खूप.”

“मग बरं झालं,” फिटर म्हणाला. तो ट्रॅक्टरवर चढला, पण इंजिन लगेच सुरू केलं नाही. मावशी तिथेच उभ्या राहिल्या. नुसतं उभं राहणं त्याला चालतं हे त्यांना माहीत होतं. मग त्याने विचारलं, “बटाट्याला दोन सऱ्यांत अंतर किती ठेवू?”

“मला मधून चालता यायला हवं. गुडघे दोन्ही वाकत नाहीत.”

“मग रुंद ठेवतो.”

त्याने रुंद सऱ्या पाडल्या. दुपारी त्याला एका फळबागेत जायचं होतं, म्हणून चहाला थांबला नाही. तो गेल्यावर मावशींनी फावडं घेतलं आणि चाकांनी दाबलेल्या कडेची माती सैल करायला सुरुवात केली.